गाडी यायच्या आधी
नातीसाठी एका निवृत्त गार्डचे कानमंत्र

पोरी, कॅमेरा घेतलास आणि आता लांब पल्ल्याच्या गाड्यांनी डोंगर, नद्या, घाट टिपायला निघणार म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. आपल्या शेळगावातून रेल्वे जात नाही. एका अंगाला बारामतीचं स्टेशन, दुसऱ्या अंगाला भिगवण. तरी माझी सगळी नोकरी रुळांवर गेली. गार्ड होतो मी. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. गार्डाचं अर्धं काम बघण्याचं. वळण आलं की सगळी गाडी नजरेखालून घालायची, सिग्नल बघायचा, कुठं धूर दिसतो का, दार लटकतंय का ते बघायचं. त्या बघण्यातून जे हाती लागलं ते तुला देतो.

सगळ्याचं मूळ एकच आहे, ते आधी ध्यानात घे. पायी हिंडणारा फोटोग्राफर दोन पावलं सरकतो, ढग हलायची वाट बघतो, नाही जमलं तर उद्या परत येतो. गाडीतल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. दरी दिसते आणि चार-पाच सेकंदांत जाते. म्हणून गाडी तिथं पोचायच्या आधी तू मनानं तिथं पोचलेली असायला हवीस. पुढं सांगतो ते सगळं त्याच तयारीसाठी.

१. आधी नकाशा, मग तिकीट

तिकीट काढायच्या आधी मार्ग नकाशावर बोटानं फिरव आणि दोन प्रश्न विचार. गाडी कुठल्या दिशेला तोंड करून चालली आहे? आणि त्या वेळी ऊन कुठल्या अंगानं येणार?

आपल्या जवळचंच उदाहरण घे. दौंडहून कुर्डुवाडीकडं गाडी साधारण पूर्वेला जाते. भिगवण सुटलं की उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी ओलांडून ती करमाळा तालुक्यात शिरते. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडं कललेला असतो. म्हणजे डाव्या, उत्तरेकडच्या खिडकीतून बघशील तर ऊन तुझ्या पाठीमागून येऊन पाण्यावर, पाणकणसावर, पक्ष्यांवर पडलेलं असतं. रंग खुलतात. उजव्या खिडकीत तेच ऊन थेट भिंगात शिरतं. तिथं रंग मिळत नाहीत, पण संध्याकाळी काळ्या आकृत्या आणि चमकतं पाणी हवं असेल तर तीच खिडकी उत्तम. फोटो कसला हवा ते आधी ठरव, मग खिडकी.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटाकडं दुपारी सूर्य आपल्या भागात बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा दुपारी कुठल्याच खिडकीत अर्थ नाही. सावली नाही, डोंगराला उठाव नाही. अशा दिवसांत सकाळच्या आणि उतरत्या उन्हाच्या गाड्या शोध.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती. त्यामुळे ऋतू ठरवून तिकीट काढणं सोपं झालंय. श्रावणातला घाट हवा असेल तर ज्येष्ठ-आषाढातच तारीख धर.

२. डावी खिडकी की उजवी

आपल्याकडं दुहेरी मार्गावर गाड्या डाव्या अंगानं धावतात. म्हणजे तोंड गाडीच्या दिशेला केलंस की डाव्या खिडकीबाहेर थेट रान असतं, आणि उजव्या खिडकीबाहेर आधी शेजारचा रूळ, त्यावरची खडी, कधी समोरून येणारी मालगाडी, आणि मग रान. दौंड–कुर्डुवाडी मार्ग आता दुहेरी आहे. तिथं थंडीत डावी खिडकी उन्हाच्याही हिशेबानं बरी आणि रुळाच्याही हिशेबानं. येताना दोन्ही हिशेब एकाच खिडकीत जमत नाहीत, कारण तेव्हा डावीकडं दक्षिण येते. म्हणून चांगलं काम जातानाच उरकून घे.

स्लीपरच्या डब्यात ७, १५, २३, ३१ हे बाजूचे खालचे बर्थ. एकट्या माणसाला खिडकी हक्कानं हवी असेल तर तेच माग. पण डबा कुठल्या अंगानं जोडलाय हे आरक्षण करताना कळत नाही, त्यामुळे बाजूचा बर्थ डावीकडं येईल की उजवीकडं याचा भरवसा धरू नकोस. गाडी लागली की आधी बघ, आणि गरज पडली तर समोरच्या माणसाशी गोडीनं बोल.

काही जंक्शनांवर इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावतात, तेव्हा डावं ते उजवं होतं. पूर्वी पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाड्यांचं दौंडला असंच व्हायचं. कॉर्ड लाइन, म्हणजे थेट जोडणारा रूळ, झाल्यापासून बऱ्याच गाड्या इंजिन न बदलता थेट वळतात. तुझ्या मार्गात असं स्टेशन आहे का ते आधी विचारून ठेव.

३. डबा कुठला

काचेतून काढलेल्या फोटोपेक्षा उघड्या खिडकीतून काढलेला फोटो नेहमी स्वच्छ येतो. म्हणून दिवसाच्या प्रवासाला मी स्लीपर किंवा साधा आसनांचा डबा सांगतो. खिडकीला आडव्या सळया असतात. भिंगाचं तोंड दोन सळयांच्या मध्ये धर, भिंग सळयांच्या बाहेर काढू नकोस. आपत्कालीन खिडकी सळयांशिवायची असते, पण ती लोकांचा जीव वाचवायला आहे. तिच्यासमोर बॅगा, ट्रायपॉड रचून वाट अडवायची नाही.

वातानुकूलित डब्यात काच दुहेरी, कधी रंगीत आणि बहुतेकदा धुळीनं माखलेली. गाडी सुटायच्या आधी फलाटाकडची काच बाहेरून ओल्या फडक्यानं पुसता आली तर पुसून घे. भिंग काचेला जवळ आणि सरळ धर, तिरकं नको. भिंगाला रबराचा हूड लाव, नाहीतर काळं कापड गुंडाळ. अंगात गडद कपडे घाल; पांढरा सदरा काचेत हमखास उमटतो. पोलरायझर जपून वापर. तो उजेड खातो, आणि कडक केलेल्या काचेतून इंद्रधनुष्यासारखे डाग दाखवतो.

विस्टाडोमचा डबा मुंबई–पुणे मार्गावर २०२१ मध्ये डेक्कन एक्सप्रेसला पहिल्यांदा लागला. त्यात ४४ आसनं, छताला काच आणि फिरणाऱ्या खुर्च्या असतात. घाट डोळे भरून बघायला तो छान आहे. पण खिडकी उघडत नाही आणि छतातून आलेला उजेड काचेवर नाचतो. स्वित्झर्लंडमध्ये बर्निना मार्गावर हाच प्रश्न येतो. मोठ्या काचांची बर्निना एक्सप्रेस जगभर नावाजलेली, पण जाणते फोटोग्राफर त्याच रुळांवरून धावणारी साधी स्थानिक गाडी पकडतात, कारण तिच्या काही डब्यांच्या खिडक्या खाली ओढता येतात. बघायला एक डबा, टिपायला दुसरा. दोन्ही हवं असेल तर जाताना एकातून जा, येताना दुसऱ्यातून ये.

४. शटर आणि खांब

ताशी ८० किलोमीटरच्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर सरकते. शटर १/२५० ठेवलंस तर तेवढ्या वेळात तू जवळजवळ ९ सेंटिमीटर पुढं गेलेली असतेस. १/१००० ठेवलंस तर २ सेंटिमीटरच्या आसपास. लांबच्या डोंगराला त्यानं फरक पडत नाही, जवळच्या बाभळीची मात्र रेघ होते. म्हणून १/१००० च्या खाली उतरू नकोस, जवळचं हवं असेल तर १/२००० कर. छिद्र एफ ५.६ ते ८, आयएसओ कॅमेऱ्यावर सोड. फोकस लांबच्या डोंगरावर एकदा बसवून तिथंच अडकवून टाक, नाहीतर ऐन वेळी कॅमेरा सळई किंवा काचेवरचा डाग धरून बसतो.

शटर यांत्रिक ठेव. इलेक्ट्रॉनिक शटरनं, मोबाइलनंही, जवळचे खांब आणि झाडं तिरकी येतात. फार रुंद भिंगही नको. त्यात तारा, खांब, खडी सगळंच शिरतं. एक २४–७० आणि एक ७०–२०० असलं की काम भागतं. खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकू नकोस. डब्याची थरथर सरळ भिंगात जाते. पाठ मोकळी, कोपरं अंगाशी.

आता तारेचे खांब. सरळ रुळावर दोन खांबांत साधारण ६० ते ७० मीटर अंतर असतं. म्हणजे ८० च्या वेगाला दर तीन सेकंदांना एक खांब. लेझीमच्या ठेक्यासारखा तो ताल अंगात भिनू दे. डोळ्यासमोरून खांब गेला की लगेच बटण दाबायचं. पुढचा यायच्या आत तुझे दोन-तीन फोटो होतात. वळणावर खांब जवळजवळ येतात, तेव्हा ठेका बदलतो.

५. रुळांची भाषा शीक

प्रत्येक खांबावर छोटी पाटी असते. तिच्यावर किलोमीटरचा आकडा आणि त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक असतो. चांगली जागा दिसली की तो आकडा वहीत टिप, सोबत वेळ, तारीख आणि खिडकीची बाजू लिही. मोबाइलवर ठिकाण नोंदता येतं, पण घाटात नेटवर्क जातं आणि बॅटरीही. वही कधी दगा देत नाही. पुढच्या खेपेला तो आकडा यायच्या दोन किलोमीटर आधी तू तयार बसलेली असशील.

इंजिनानं लांब शिट्टी दिली की बऱ्याचदा पुढं फाटक येतंय. फाटक म्हणजे रस्ता, थांबलेला ट्रॅक्टर, उसाची गाडी, शाळेला निघालेली पोरं. नुसत्या निसर्गचित्रात माणूस हवा असेल तर हीच जागा.

वळणावर आतल्या अंगाच्या खिडकीतून आपलीच गाडी, इंजिनापासून, दिसते. बाहेरच्या अंगानं फक्त रान. गाडीसकट डोंगर हवा असेल तर मागच्या डब्यांत बस, म्हणजे पुढं लांब गाडी मिळेल.

एकेरी मार्गावर छोट्या स्टेशनात गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन उभी करतात. समोरून दुसरी गाडी निघून गेली की आपली सुटायची वेळ झाली असं धर. फलाटावर उतरायचं तर फलाटाच्याच बाजूला, दारापासून चार पावलांत, आणि लक्ष स्टार्टर सिग्नलवर. लाल दिवा पिवळा किंवा हिरवा झाला की आत.

६. घाट

घाटांत पहिला बोर घाट कर. पुण्याहून जवळ, गाड्याही भरपूर. १८६३ मध्ये तो खुला झाला. चढ इतका उभा की ३७ फुटांना एक फूट. पूर्वी खंडाळ्याजवळ गाडी तोंड फिरवून चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते थांबलं. कर्जतहून वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. बाजूला डोंगरात चढून संपणारे रूळ दिसतील, त्या कॅच साइडिंग. ब्रेक निकामी झालेली गाडी तिथं वळवून थांबवतात. उतरताना ब्रेकच्या तपासणीसाठी गाडी मंकी हिल, ठाकुरवाडीकडं जराशी थांबते. गाडी संथ असते, म्हणून शटर थोडं सैल करून चालतं.

पावसाळ्यात धबधबा टिपताना उजेड एक पायरी कमी ठेव. पांढरं पाणी एकदा जळून गेलं की नंतर त्यातले पदर परत येत नाहीत. दरी ढगानं भरली असेल तर हळहळत बसू नकोस. जवळचा ओला कातळ, शेवाळ, बोगद्याचं दगडी तोंड टिप. बोगद्यात शिरताना कॅमेऱ्याचं मोजमाप गोंधळतं, म्हणून उजेडाचं गणित हातानं लावून ठेव. बाहेर पडलीस की पहिल्याच सेकंदाला फोटो बरोबर येईल.

दुसरा घाट ब्रागांझाचा, कॅसलरॉक ते कुळे. हा मार्ग १८८८ पासून चालू आहे. इथंच ३१० मीटर उंचीचा दूधसागर, आणि रूळ धबधब्याच्या अंगावरून जातात. इथं वेळापत्रक डोळ्यांत तेल घालून बघ. पुण्याहून जाणारी गोवा एक्सप्रेस हा घाट रात्री उतरते. वास्कोहून परतताना ती दुपारी निघते आणि घाट उजेडात चढते. तीच गाडी, तोच घाट, पण एका दिशेला तुझ्या पदरात काही पडत नाही. घाटात काळोख असेल तर नावाजलेला मार्ग तुझ्या काय कामाचा?

घाई नसेल तेव्हा पुणे–मिरज मार्गही दिवसा कर. शिंदवण्याचा आणि आदर्कीचा घाट, जेजुरी, नीरा, वाठार. लोक तिथं खिडकीत झोपा काढतात, म्हणून त्याचे फोटो फारसे कुणाकडं नाहीत.

७. कोकण

कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. नव्वदच्या वर बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल. रत्नागिरीच्या अलीकडं साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, पलीकडं पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल. दिवसा हे सगळं बघायचं तर मुंबईहून सकाळी निघणारी मांडवी एक्सप्रेस बरी.

लोक समुद्राच्या आशेनं जातात आणि निराश होतात. समुद्र खिडकीत फारसा येत नाही. खाड्या येतात, भातखाचरं येतात, आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. गाडी दक्षिणेला जाताना सकाळी उजवी, पश्चिमेकडची खिडकी धर. ऊन पाठीमागून येतं. दुपारनंतर डावीकडं सरक, तेव्हा सह्याद्रीवर समोरून ऊन पडतं. पावसाळ्यात तिथं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या संथ चालतात, तेव्हा जुन्या वेळांवर विसंबू नकोस. रंगांसाठी मला दसऱ्याच्या आसपासचे दिवस आवडतात. आभाळ धुतलेलं, डोंगर अजून हिरवे आणि भात पिवळं.

आणि हे विसरू नकोस. थंड डब्यातून कॅमेरा एकदम दमट हवेत नेलास तर भिंगावर वाफ धरते. थोडा वेळ तो बॅगेतच राहू दे, मग काढ.

८. दूरचा पल्ला

पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस आपल्याकडच्या फौजी पोरांची गाडी. तिच्यातून जाशील तर इटारसी आणि भोपाळच्या मध्ये जागी राहा. आधी नर्मदेचा पूल येतो, मग बुधनी–बरखेड्याचा जंगलातला घाट. लांब पल्ल्याला सगळं टिपायला गेलीस तर थकशील. वेळापत्रक समोर ठेवून दिवसातले दोन-तीन तुकडे आधी निवड, मधल्या वेळात झोप, खा, बॅटरी भर, फोटो दुसऱ्या कार्डावर उतरव.

काश्मीरला जाशील तर गाडी कुठं बदलायची ते आधी विचारून ठेव. चिनाबवरचा पूल जून २०२५ मध्ये खुला झाला. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच. पण कटरा–बनिहाल हा टप्पा बहुतेक बोगद्यांतून जातो आणि पूल बघता बघता सरतो. खरं निसर्गचित्र बनिहालच्या पलीकडं, बारामुल्लापर्यंतच्या खोऱ्यात आहे. तिथली खिडकी राखून ठेव. आणि त्या भागात सुरक्षा दलाचा माणूस नको म्हणाला की कॅमेरा खाली, वाद नाही.

९. दारात लटकायचं नाही

हे मी आजा म्हणूनही सांगतो आणि गार्ड म्हणूनही. फोटोपायी दारातून अंग बाहेर काढायचं नाही, पायरीवर बसायचं नाही. सिग्नलचा खांब, पुलाचा कठडा, बोगद्याची भिंत फार जवळून जाते. १९८९ च्या रेल्वे कायद्यात पायरीवरच्या प्रवासाला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, विनापरवाना रुळांवर जाण्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि कारण नसताना साखळी ओढण्याला वर्षापर्यंत. दूधसागराला उतरणारे हे विसरतात. त्यांना शोधायला, उचलायला कुणाला जावं लागतं ते मला माहीत आहे.

कॅमेऱ्याचा पट्टा कायम गळ्यात आणि मनगटात. स्टेशन येताना, गाडी मंदावताना खिडकीतला हात आत घे. फटका मारून मोबाइल पाडणारे तेवढ्याचीच वाट बघत असतात.

१०. डब्यातली माणसं

खिडकी सगळ्यांची असते. लहान पोर बघायला आलं तर त्याला जागा दे. रोज त्या मार्गानं जाणारा दूधवाला, नोकरदार, मास्तरीणबाई यांना विचार, पुढं काय येतं? नकाशात नाही ते त्यांना ठाऊक असतं. कुणाच्या तोंडावर कॅमेरा रोखण्याआधी विचार, फोटो काढला की दाखव, भाकरी काढली की पुढं कर. ताई, काका म्हणून बोललीस की अख्खा डबा तुझ्यासाठी बाहेर बघायला लागतो.

आता पहिली खेप कुठली? काश्मीर नको, कोकणही नको. येत्या थंडीत, रोहित पक्षी उजनीवर आले की, सकाळी दौंडला जा आणि कुर्डुवाडीचं तिकीट काढ. डावी खिडकी धर. शटर १/१००० लाव, खांबांचा ठेका मोज, भिगवणच्या पुढं पाणी सुरू होतं आणि संपतं तिथले खांबांचे आकडे वहीत लिही. फोटो बरे आले नाहीत तरी वही भरली पाहिजे. आठवड्यानं ती वही घेऊन पुन्हा त्याच गाडीनं, त्याच खिडकीतून जा. तेव्हा पाणी यायच्या आधी तुझं बोट बटणावर असेल. हे एकदा जमलं की कुठलाही घाट तुला जड नाही.